मंडप रिकामा झाल्यावर

तपासणीच्या फाटकात त्या पोराने डॅडींच्या अंगावरून हात फिरवला आणि डॅडी वाजले. सुक्या पाचोळ्यावर पाय पडावा तसे वाजले. पोरगा गणवेशातला, गालांवर अजून मुरुमं असलेला. तो एकदम मागे सरला आणि त्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. आम्हा काळ्या माणसांच्या कोटातून असला काही आवाज यावा आणि समोरच्याचा हात कमरेकडे जावा, ही गोष्ट या शहरात हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डॅडी मात्र दोन्ही हात वर धरून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे, शांत उभे होते.

"आजोबा, कोटाच्या आत काय आहे?"

"पेपर."

"कसला पेपर?"

"कालचा. आजचा अजून वाचायचाय."

पोराने बटणं काढायला लावली. आतून पाठीवरच्या जाहिराती निघाल्या, पोटावरचा शेअरबाजार निघाला, दोन्ही कुशींना खेळाची पानं निघाली. थंडीत राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीची परेड बघायला जायचं तर कोटाच्या आत पेपर भरायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. त्या पोराच्या आजीनेही केलं असेल, त्याला ठाऊक नव्हतं इतकंच. पण छातीवरून, शर्टाच्या अगदी लगत घडी करून ठेवलेलं जे पान निघालं ते बघून मी गार पडले. ते मृत्यूच्या बातम्यांचं पान होतं. वरच्या कोपऱ्यात थर्मन पिंकनींचा फोटो.

"हे कोण?" पोराने विचारलं.

"हा आमच्या बँडचा म्होरक्या. गेल्या आठवड्यात गेला. म्हटलं, एवढी एक परेड दाखवून आणू."

पोरगा हसला नाही. त्याने पान नीट घडी करून परत दिलं, आणि मग नियमाप्रमाणे आमचं घडीचं स्टूल आणि कॉफीचा थर्मास काढून घेतला. शेजारी छत्र्या, पिशव्या, स्टुलं, थर्मास यांचा ढीग पडला होता, त्यात आमचीही भर पडली. डॅडी बटणं लावत म्हणाले, "राज्य बदललं की पहिली जप्ती म्हाताऱ्याच्या कॉफीवर!" मागच्या रांगेतले लोक हसले. मी हसले नाही. मला मम्मा आठवत होती.

माझी आई, मम्मा, पेपर भरायची तेव्हा आधी सगळी पानं चाळून घ्यायची आणि मृत्यूंचं पान बाजूला काढून चुलीत घालायची. "मेलेल्यांना अंगाशी घेऊन उजेडात जायचं नसतं," म्हणायची. मग मला हात वर करायला लावून ती माझ्या लोकरी कोटात पानं सरकवायची. शाईचा वास, गुदगुल्या, आणि चालताना होणारा तो कुरकुर आवाज. आम्ही सगळीच वाजत वाजत जायचो. वाटेत एक माणूस पुठ्ठ्याच्या दुर्बिणी विकायचा. उंच नळी, आत तिरपे आरसे. गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडचं दिसावं म्हणून. मी पहिल्यांदा तिच्यातून बघितलं तेव्हा मला राष्ट्राध्यक्ष दिसले नाहीत, एका शिपायाचा पांढरा हातमोजा दिसला आणि त्या मोज्याच्या अंगठ्याला पडलेलं भोक. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय बघितलंस? मी सांगितलं, भोक. डॅडी इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कित्येक वर्षं कुणी काही महत्त्वाचं बघून आलं की आमच्या घरात विचारायचे, "भोक दिसलं का?" आता तो विनोद समजणारी आम्ही दोघंच उरलो आहोत, आणि त्यातल्या एकाने आज मृत्यूंचं पान छातीला लावलं होतं. मम्माचा नियम त्यांना पाठ होता. तरी लावलं. चालता चालता माझ्या मनात एकच घोकंपट्टी चालली होती: हे निरोप द्यायला आलेत, यांना वेळेत घरी न्यायला हवं.

त्यांची फुप्फुसं हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा पाण्याने भरली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गारठ्यात फार वेळ उभं करू नका. मी डॅडींना म्हटलं होतं, टीव्हीवर बघू, सगळं जवळून दिसतं. त्यावर ते म्हणाले होते, "टीव्हीवर शेवटचा बँड दाखवतात का?" दाखवत नाहीत. बँड चालू असतानाच टीव्हीवाले नाचाच्या समारंभांकडे वळतात, बायकांचे झगे दाखवतात. मग मी सौदा केला होता: दुपार कलली की घरी. ते "बघू" म्हणाले होते. त्यांचं "बघू" मला लहानपणापासून माहीत आहे.

आमची जागा ठरलेली. अॅव्हेन्यूवरून परेड पश्चिमेकडे निघाली की व्हाइट हाउस तिच्या डाव्या हाताला येतं, आणि त्याच्या पुढ्यात काचेचा मंडप घालतात. तिथे उभं राहून राष्ट्राध्यक्ष मानवंदना घेतात. आम्ही मंडपाच्या समोर, जरासं पुढे, उजव्या कडेला. तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणजे काचेमागची एक हलणारी सावली एवढंच दिसतं, म्हणून गर्दी कमी. चौकातल्या टपालपेट्या सुरक्षेसाठी उपटून नेल्या होत्या. माझं उभं आयुष्य टपालखात्यात गेलं, त्यामुळे पेटी नसलेला चौक लगेच डोळ्यात भरतो. समोरचे दात पडलेल्या ओळखीच्या माणसासारखा दिसतो तो. रस्त्यावरची गटारांची झाकणं सांधून टाकलेली, छपरांवर काळ्या गणवेशातले शिपाई. पूर्वी एवढं नव्हतं. पूर्वी आम्ही झाडावर चढायचो. डॅडी मला खांद्यावर घ्यायचे आणि मी त्यांच्या टोपीवर हनुवटी टेकून बघायची. त्या टोपीला बसच्या डिझेलचा वास यायचा, कारण ते बस चालवायचे आणि परेडच्या दिवशीही सकाळची एक फेरी मारूनच यायचे. आज त्यांनी कठड्याच्या लोखंडी नळीवर दोन्ही कोपरं टेकली आणि त्यांचं वजन नळीवर गेलेलं मला दिसलं. स्टूल असतं तर!

शेजारी आयडाहोहून आलेली एक जाडजूड, बोलघेवडी बाई होती. घोंगडीत गुरफटलेली. तिने डॅडींना हात शेकायची गरम पुडी दिली आणि लगेच विचारलं, "तुमचा माणूस निवडून आला का हो?"

"माझा माणूस कधीच येत नाही, बाई. मी बँडला मत देतो."

"कुठल्या?"

"शेवटच्या."

शपथ आम्हाला भोंग्यांवरून ऐकू आली. दोन खांबांवर दोन भोंगे, आणि दुसरा पहिल्याच्या जरा मागे. त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा. नवा राष्ट्राध्यक्ष एक वाक्य बोलायचा आणि तेच वाक्य पाठीमागून कुणी म्हातारा पुटपुटल्यासारखं परत यायचं. डॅडींनी टोपी काढली. त्यांचं डोकं थंडीत इतकं छोटं दिसलं की मला बघवेना म्हणून मी दुसरीकडे बघितलं. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, शपथ झाली की काहीतरी बदलतं, हवा बदलते, रंग बदलतो; मी श्वास रोखून वाट बघायची. काही व्हायचं नाही. तोफा धडाडायच्या, कबुतरं उडायची, आणि मम्मा उकडलेलं अंडं सोलायला घ्यायची. आज अंडं मी सोललं. डॅडींच्या मोज्यांतल्या बोटांना ते धरवेना, म्हणून मी भरवलं. त्यांनी निमूटपणे भरवून घेतलं. याचंच मला फार वाईट वाटलं.

दुपारी परेड आली. राष्ट्राध्यक्षांची गाडी गेली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम वर गेले आणि फोनांच्या फटीतून कुणालाच काही दिसलं नाही. डॅडी तिकडे बघतच नव्हते. ते घोड्यांची वाट बघत होते. घोड्यांची नव्हे, घोड्यांमागून फावडं आणि ढकलगाडी घेऊन येणाऱ्या माणसाची. तो आला की आमच्या घरच्यांनी टोप्या उडवून ओरडायचं, हा डॅडी आणि थर्मनकाकांनी घालून दिलेला रिवाज. "सरकार येतं, सरकार जातं, लीद मात्र ज्याची त्यालाच उचलावी लागते!" असं थर्मनकाका खणखणीत आवाजात ओरडायचे. आज डॅडींनी ओरडायचा प्रयत्न केला, पण खोकला आला. मग मीच ओरडले. फावडेवाल्याने वळून मला सलाम ठोकला. आयडाहोची बाई टाळ्या वाजवून वाजवून थकली.

मग बँड. एकामागून एक बँड. थंडी वाढत गेली तसे सूर विरळ होत गेले. डॅडी कान देऊन ऐकत होते. "तुताऱ्यांच्या कळा गोठायला लागल्या," म्हणाले. "आता ओठही गोठतील. आता नुसते गाल फुगवून चालतील पोरं, वाजवल्याचं सोंग करत." त्यांना माहीत असणारच. ते क्रॉली हायस्कूलच्या बँडमध्ये सुझाफोन वाजवायचे. ते अंगाभोवती वेटोळं घालून डोक्यावर भलंमोठं पितळी तोंड उघडणारं वाद्य. तेव्हा गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आमच्या वेगळ्या, आणि परेडीत क्रॉलीचा नंबर सगळ्यांच्या मागे. परेड लांबली. अंधार पडला. त्यांचा बँड मंडपापाशी पोचला तेव्हा राष्ट्राध्यक्ष आत निघून गेले होते आणि मंडपात रिकाम्या खुर्च्या होत्या. थर्मन पिंकनी पुढे चालत होते. नियम म्हणजे नियम. मंडप आला की म्होरक्याने हुकूम द्यायचा, "डावीकडे नजर!" आणि सगळ्यांनी माना फिरवायच्या. थर्मननी हुकूम दिला. क्रॉलीच्या पोरांनी रिकाम्या खुर्च्यांकडे माना फिरवल्या.

डॅडी उजव्या टोकाच्या रांगेत होते. मान फिरवता फिरवता त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून उजव्या कडेला एक बाई दिसली. करडा कोट, त्याच्याखाली लोंबणारा पांढरा अॅप्रन. ती त्यांची आई होती. माझी आजी. ती हॉटेलच्या धुलाईत इस्त्री करायची. त्या दिवशी रात्रीच्या मेजवान्यांचे टेबलक्लॉथ इस्त्री करून, पाळी संपताच अॅप्रन न सोडता पळत आली होती. सगळा रस्ता मोकळा झालेला, आणि ती एकटी टाळ्या वाजवत होती. हातात लोकरी मोजे, म्हणून नुसता थप थप आवाज. डॅडींनी तो ऐकला. मान डावीकडेच ठेवली. ती मागे पडली.

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की ती मला माझीच आठवण वाटते. तरणेपणी ते ती ताठ्याने सांगायचे: बघा, हलली नाही मान! त्याच ताठ्यावर त्यांनी जन्मभर बस चालवली. प्रवासी शिव्या देवोत, थुंकोत, नजर समोर. पुढे पुढे सांगताना त्यांचा आवाज बदलला. ते आणि थर्मनकाका दर परेडीला इथेच, या कठड्याशी, शेवटच्या बँडसाठी थांबायचे आणि दर परेडीला भांडायचे. "खुर्च्यांना सलाम करायला लावलास रे मला!" "खुर्च्या कुणाच्या होत्या ते बघ की!" "माझी आई उजवीकडे होती!" "मला काय माहीत, तुझी आई कुठे? मी पुढे चालत होतो!" मम्मा म्हणायची, ही दोघं मेली तरी भांडतील. आता एक मेला होता, आणि दुसऱ्याच्या छातीवर घडी होऊन गप्प होता. शेवटचा बँड दोघांनी मिळून बघायचा, एवढंच डॅडींना हवं होतं. निरोप वगैरे माझ्या डोक्यातलं होतं.

आजीने मला या गोष्टीची आपली बाजू सांगितली होती. मी दहाबारा वर्षांची असेन, ती घरी इस्त्री करत होती, खळीचा तो गोडसर करपट वास. मी विचारलं, आजी, त्या दिवशी डॅडींनी तुझ्याकडे बघितलंच नाही, तुला राग आला? ती म्हणाली, "राग? मान वळवली असती तर घरी आल्यावर बडवला असता मी त्याला. रांग बिघडवतो म्हणजे काय!" मग तिने इस्त्री उभी केली, कॉलरवर पाणी शिंपडलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण वळवायला हवी होती मेल्याने." हे दुसरं वाक्य मी डॅडींना कधी सांगितलं नाही. न हललेल्या मानेवर ज्याने जन्म काढला त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

उजेड गेला. दिवे लागले. काचेमागची सावली आत गेली आणि तिच्यामागे बाकीच्या सावल्या. गर्दी फुटली. आयडाहोच्या बाईने मला मिठी मारली, आपली घोंगडी डॅडींच्या खांद्यावर टाकली आणि "ठेवा, मी हॉटेलात चाललेय" म्हणत गेलीसुद्धा. डॅडींचे ओठ करडे पडले होते.

"डॅडी, चला आता. आपलं ठरलं होतं."

"मी 'बघू' म्हणालो होतो."

"तुम्ही पडलात तर मी एकटीने काय करू? उचलू कशी?"

"पडलो तर फावडेवाल्याला बोलाव."

"मला हसायला येत नाहीये, डॅडी. मला भीती वाटतेय."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मलाही वाटतेय, नेटा," ते म्हणाले. "पण त्या पोरांचं काय? लांबून आली असतील. कुणीतरी असायला नको का इथे?"

मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही बाजूंनी कठड्याची नळी धरली. म्हणजे पडले तर माझ्यावर पडतील. त्यांची पाठ माझ्या छातीला लागली आणि आतला पेपर कुरकुरला. एके काळी मी यांच्या खांद्यावर होते. माझी हनुवटी आपोआप त्यांच्या टोपीवर गेली. डिझेलचा वास केव्हाच गेला होता. लोकरीचा आणि म्हातारपणाचा वास होता. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

शेवटचा बँड आला तो आवाजानेच आधी कळला: नुसते ढोल. पितळी वाद्यं सगळी गोठून मुकी झाली होती. कुठल्यातरी लहान गावाची शाळा, हिरवे गणवेश, पिसांचे तुरे वाऱ्याने एकीकडे कललेले. पुढे एक किडकिडीत मुलगी काठी घेऊन चालत होती. समोर मंडपात कामगारांनी खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात केली होती, त्यांचा खडखड आवाज येत होता. मुलीने मंडपाकडे बघितलं. तिथे कुणी उरलं नाही हे तिला कळलेलं दिसलं. तरी तिने काठी उचलली आणि हुकूम द्यायला तोंड उघडलं; पण दिवसभर ओरडून तिचा घसा बसला होता, फुसकन हवा निघाली. तिने पुन्हा तोंड उघडलं.

आणि माझ्या हनुवटीखालून आवाज आला. तसा आवाज मी डॅडींचा कधी ऐकला नव्हता. खणखणीत, थेट थर्मनकाकांचा.

"उजवीकडे नजर!"

दिवसभर हुकूम पाळून पाळून पोरं इतकी गोठली होती की कुणाचा हुकूम हे बघायचं त्यांना भानच नव्हतं. अर्ध्या माना उजवीकडे आल्या. काही डावीकडे गेल्या. काही आधी तिकडे, मग इकडे. एक ढोलवाला पुढच्याच्या टाचेवर चढला. आणि उजव्या टोकाला सुझाफोनच्या वेटोळ्यात एक गोल गालांचा पोरगा होता, त्याने सरळ डॅडींच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिला. पुढे गेला तरी मान मागे वळवून बघत होता. डॅडींनी टोपी काढून छातीवर, त्या पानावर धरली होती. मग ती माझ्याकडे देऊन ते टाळ्या वाजवू लागले. लोकरी मोजे. थप थप. मीही वाजवू लागले. मुलीने मागे वळून आपली विस्कटलेली रांग बघितली, आणि मग आम्हा दोघांकडे काठी उंचावून सलाम केला.

त्यांच्या मागून रस्ता झाडणारी गाडी आली. डॅडी हळूच म्हणाले, "मी रांग बिघडवली पोरांची."

"बिघडवलीत."

"आई असती तर बडवलं असतं मला."

"बडवलं असतं," मी म्हणाले. मग त्यांच्या डोक्यावर टोपी घालता घालता मी सांगून टाकलं, "पण आजी आणखीही एक बोलली होती. मान वळवली असती तर बडवला असता, आणि मग म्हणाली, पण वळवायला हवी होती मेल्याने."

झाडूच्या गाडीचा पिवळा दिवा त्यांच्या तोंडावरून फिरून गेला.

"असं म्हणाली?"

"हो."

"मेल्याने म्हणाली?"

"मेल्याने म्हणाली."

त्यांनी मोज्याने नाक पुसलं. मग कोटाचं वरचं बटण काढलं, आत हात घालून ते पान थोपटलं, आणि मान खाली घालून त्याला म्हणाले, "ऐकलंस का रे, थर्मन?"